एक सांगाडा, दोन आरमारं : ‘विराट’चं १:३५० मॉडेल कसं बांधायचं

नाशिक म्हणजे ओझरची विमानं आणि देवळालीच्या तोफा. समुद्र कसारा घाटाच्या पलीकडे. तरी शाळांच्या प्रदर्शनांत आणि एनसीसीच्या मुलांच्या हातात इथे युद्धनौकांची मॉडेलं दिसतात, आणि त्यांत भारतीय नौदलाची विमानवाहू नौका ‘विराट’ हमखास असते. दुर्दैवाने यातली बरीचशी मॉडेलं कुठल्याच वर्षीच्या ‘विराट’ची नसतात. रडार १९६० सालचं, विमानं १९९५ सालची, झेंडा २०२२ सालचा आणि बाजूला आर-२२ हा क्रमांक, असा सगळा मेळ असतो. एका आरमाराकडून दुसऱ्याकडे गेलेल्या जहाजाचं मॉडेल करताना ही चूक फार सहज होते, कारण इंटरनेटवर सापडणारी छायाचित्रं त्याच सांगाड्याची पण वेगवेगळ्या काळातली असतात.

म्हणून करवत हातात घेण्याआधी एकच गोष्ट ठरवा : वर्ष. पुढचं प्रत्येक माप, प्रत्येक रंग आणि प्रत्येक विमान त्यावरून ठरतं.

आधी जहाजाची कुंडली मांडा

मोठ्या चित्रकलेच्या कागदावर तीन रकाने आखा : ‘मूळचं’, ‘नंतर बसवलं’, ‘काढून टाकलं’. प्रत्येक नोंदीसमोर वर्ष लिहा. ‘विराट’साठी हा कागद असा भरतो.

२१ जून १९४४ रोजी इंग्लंडमधल्या बॅरो इथल्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत कणा ठेवला गेला, तेव्हा जहाजाचं नाव होतं ‘एलिफंट’. महायुद्ध संपलं आणि काम रेंगाळलं. १६ फेब्रुवारी १९५३ ला जलावतरण झालं. २५ नोव्हेंबर १९५९ ला ती ‘हर्मीस’ या नावाने ब्रिटिश आरमारात दाखल झाली, क्रमांक आर-१२. त्या वेळी तिच्यावर विमानं फेकणारे दोन कॅटापल्ट होते, उतरणाऱ्या विमानांना अडवणाऱ्या तारा होत्या, आणि आयलँडवर, म्हणजे डेकच्या कडेला उभ्या मनोऱ्यासारख्या इमारतीवर, ९८४ हे प्रचंड, सर्चलाइटसारखं दिसणारं रडार होतं.

१९७१ ते १९७३ या काळात तिची कमांडो वाहून नेणारी नौका केली. कॅटापल्ट गेले, तारा गेल्या, ९८४ रडार गेलं आणि त्याच्या जागी ९६५ आलं, लोखंडी खाटेच्या जाळीसारखं. १९८०-८१ मध्ये पुढच्या टोकाला १२ अंशांचा स्की-जंप रॅम्प, म्हणजे विमानांना उड्डाणासाठी वर उचलणारा चढ, बसला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती. १९८४ मध्ये ब्रिटिश सेवेतून निवृत्त झाली, एप्रिल १९८६ मध्ये भारताने घेतली, डेव्हनपोर्टच्या गोदीत दुरुस्ती झाली आणि १२ मे १९८७ ला ‘विराट’ म्हणून भारतीय नौदलात आली.

आता कागदाकडे नीट पाहा. आरमार बदललं तेव्हा जहाज बाहेरून फारसं बदललं नाही. डेव्हनपोर्टमधली कामं म्हणजे फायर कंट्रोल (शस्त्रांचा नेम धरणारी यंत्रणा), दिशादर्शनाची रडार, अणू-जैविक-रासायनिक हल्ल्यापासूनचं संरक्षण, बॉयलरसाठी वेगळं इंधन. यातलं फार थोडं १:३५० ला दिसतं. जहाजाचं रूप पालटलं ते १९७३ आणि १९८१ मध्ये, तेव्हा ती ब्रिटिशांकडेच होती. त्यामुळे १९८२ च्या ‘हर्मीस’चा सांगाडा १९८७ च्या ‘विराट’साठी जवळजवळ तसाच चालतो, पण १९६५ च्या ‘हर्मीस’चा अजिबात चालत नाही. इंटरनेटवरून उतरवलेला ‘हर्मीस’चा आराखडा कुठल्या वर्षाचा आहे हे पाहिल्याशिवाय एक रेघही कापू नका. आराखड्यावर कॅटापल्टचे लांब पट्टे दिसले तर तो १९७१ च्या आधीचा समजा.

‘विराट’च्या तीस वर्षांतही बदल झाले. बराक क्षेपणास्त्रं नंतरच्या काळात बसली आणि आयलँडवरची रडार बदलली. म्हणून ‘विराट १९८७ ते २०१७’ असं ढोबळ न ठरवता एक वर्ष धरा आणि त्या वर्षाची किमान सहा छायाचित्रं गोळा करा : दोन्ही बाजूंनी, समोरून, मागून, वरून आणि आयलँडचं जवळून. खाली १९९० च्या सुमाराची ‘विराट’ धरली आहे, कारण त्या रूपात बाहेरचे बदल सगळ्यात कमी आणि छायाचित्रं पुरेशी.

मापं

१:३५० म्हणजे मीटरमधल्या मापाला १००० ने गुणून ३५० ने भागायचं.

एकूण लांबी २२६.९ मी. : ६४८ मिमी
उड्डाण डेकची जास्तीत जास्त रुंदी ४८.८ मी. : १३९ मिमी
पाण्याच्या रेषेवरची रुंदी २७.४ मी. : ७८ मिमी
रॅम्पची लांबी सुमारे ४५.७ मी. : १३१ मिमी
सी हॅरियर विमानाची लांबी १४.५ मी. : ४१ मिमी, पंखांची रुंदी ७.७ मी. : २२ मिमी
सी किंग हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास १८.९ मी. : ५४ मिमी
चेतक हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास ११ मी. : ३१ मिमी
उभा खलाशी : ५ मिमी

६४८ मिमी ही टोकापासून टोकापर्यंतची लांबी आहे. पाण्याच्या रेषेवर जहाज याहून बरंच आखूड असतं, कारण नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पुढे झुकलेली असते आणि डेक मागे बाहेर येतो. खालचा थरही ६४८ चा कापला की जहाज तराफ्यासारखं दिसतं. ही चूक इतकी वारंवार होते की आराखड्यावर लाल पेनाने लिहून ठेवलेली बरी.

बाकीची मापं छायाचित्रावरून काढायची. अगदी बाजूने, लांबून घेतलेलं छायाचित्र ए-३ वर छापा. समजा त्यावर जहाज ३७० मिमी लांब आलं. ६४८ ला ३७० ने भागलं की १.७५ येतात. प्रिंटवरचं कुठलंही माप १.७५ ने गुणलं की मॉडेलचं माप मिळतं. पण छायाचित्र तिरकं असेल तर सगळं फसतं, म्हणून आधी पारख करा. डेकवर जहाजाच्या दिशेने उभं असलेलं सी हॅरियर शोधा. या प्रिंटवर ते २३ ते २४ मिमी भरायला हवं. २७-२८ भरलं तर कॅमेरा फार जवळ होता किंवा कोन तिरका होता. ते चित्र तपशील बघायला ठेवा, मापाला वापरू नका.

मॉडेल पाण्याच्या रेषेपर्यंतच करा. पाण्याखालचा भाग, पंखे, सुकाणू यांची विश्वासार्ह छायाचित्रं मिळणं अवघड, आणि अंदाजाने केलेला तळ जाणकाराला लगेच कळतो.

सामान

हलसाठी, म्हणजे जहाजाच्या धडासाठी, ५.५ मिमी एमडीएफ, दोन फूट बाय चार फुटाचे दोन तुकडे. पाण्याच्या रेषेपासून डेकपर्यंत साधारण सात-आठ थर बसतात, नक्की आकडा आपल्या छायाचित्रावरून काढा. डेकसाठी २ मिमी ॲक्रिलिक, ७०० बाय २०० मिमीचा तुकडा. आयलँड आणि बारीक कामासाठी १ आणि २ मिमी पीव्हीसी शीट, म्हणजे फलकवाले ज्याला सनबोर्ड म्हणतात तीच. फेव्हिकॉल, फेविक्विक, अर्धा किलो लांबी (खाचा भरायची पुट्टी) आणि तिचं हार्डनर, ८०, १५०, २२०, ४०० आणि ८०० नंबरचे पॉलिश पेपर, राखाडी सरफेसर, पाण्यावरचा प्रायमर, मॅट क्लिअर. डोलकाठ्यांसाठी ०.५ आणि ०.८ मिमी पितळी तार.

एमडीएफ आणि ॲक्रिलिकचं लेझर कटिंग सातपूर आणि अंबड एमआयडीसीत करून मिळतं. फाइल कोरल ड्रॉ किंवा डीएक्सएफमध्ये न्या, सगळ्या रेषा एकेरी ठेवा. एकावर एक दोन रेषा राहिल्या तर लेझर तिथून दोनदा फिरतो आणि कड जळते. बारीक करवत, टोकदार चिमटे आणि हाताने फिरवायचं ड्रिल ही सोनारकामाची हत्यारं सराफ बाजाराच्या आसपास शोधा. पितळेची तार आणि पातळ पत्रा भांडी बाजाराच्या बाजूला. लांबी आणि सरफेसर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात.

सनबोर्ड कधीही लेझरवर कापायला देऊ नका. पीव्हीसी जळली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती फुप्फुसांना घातक आणि यंत्राच्या आरशांनाही. जाणकार दुकानदार नाहीच म्हणेल, पण पांढरी शीट बघून एखाद्या नवख्याला ती ॲक्रिलिक वाटू शकते. सनबोर्ड कटरने तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा. एकाच दाबात कापायला गेलं की कड फुगते.

हल

प्रत्येक थराचा आकार वेगळा : खालचा सगळ्यात अरुंद आणि आखूड, वरचे हळूहळू रुंद. सगळ्या थरांत त्याच दोन जागी ६ मिमीची भोकं ठेवा आणि त्यांतून लाकडी काड्या घाला, म्हणजे चिकटवताना थर सरकत नाहीत. मधला भाग पोकळ ठेवा : कडेला २० मिमी पट्टी आणि दर १०० मिमीवर एक आडवी पट्टी. भरीव एमडीएफ जड होतो आणि पावसाळ्यात वाकतो.

फेव्हिकॉल पातळ पसरा. एमडीएफ पाणी पितो आणि कडा फुगतात, म्हणून गोंद ओघळेल इतका लावू नका. जाड काचेवर ठेवून वर वजन द्या आणि किमान १२ तास हलवू नका. काच यासाठी की टेबल सपाट दिसत असला तरी ६५० मिमीत एक-दीड मिमीचा बाक त्यात सहज असतो, आणि तोच बाक हलमध्ये उतरतो.

आता पायऱ्या घासायच्या. आधी ८० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. बोटांनी पेपर धरला की मऊ जागा खोल जाते आणि लाटा पडतात. नाळेच्या आकारासाठी जाड पुठ्ठ्याचे साचे करा : टोकापासून ३०, ६० आणि १०० मिमीवर जहाजाचा आडवा छेद कसा दिसतो तो. साचा लावून बघा, घासा, पुन्हा लावा. नाळेचा वर जाता जाता बाहेर पसरणारा आकार एका बाजूला जास्त झाला की समोरून पाहताना जहाज वाकडं तोंड केल्यासारखं दिसतं. साचा एकच ठेवा आणि उलटा करून दोन्ही बाजूंना तोच वापरा.

उरलेल्या खाचा लांबीने भरा. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर पुरतो. एका वेळी लिंबाएवढीच कालवा, चार-पाच मिनिटांत ती घट्ट होऊ लागते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत ती उशिरा सुकते, तेव्हा हार्डनर थोडा वाढवा, पण दुप्पट करू नका. जास्त हार्डनरचे पिवळट डाग पुढे रंगातून वर येतात आणि मग कितीही हात दिले तरी जात नाहीत.

एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग शोषून घेतात. सरफेसरच्या आधी त्यांवर फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोन हात द्या, सुकल्यावर २२० ने घासा. ही पायरी टाळली तर थरांच्या रेषा महिन्याभराने पुन्हा उमटतात.

डेक आणि रॅम्प

डेक लेझरवर कापून घ्या. विमानं खाली-वर नेणाऱ्या दोन लिफ्ट आहेत : एक डाव्या कडेला पुढच्या भागात, दुसरी मागे मध्यावर. त्यांच्या रेषा कापू नका, हलक्या कोरून घ्या. एखादी लिफ्ट खाली गेलेली दाखवायची असेल तरच कापा, पण मग खाली हँगरचा, म्हणजे विमानं ठेवायच्या जागेचा, मजला आणि भिंती कराव्या लागतील.

लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेत ताण राहतो. त्यावर एनसी थिनर किंवा स्पिरिट लागलं की केसासारख्या बारीक भेगा पडतात, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून डेकवर फक्त पाण्यावरचा प्रायमर आणि पाण्यावरचे ॲक्रिलिक रंग. हलवर सरफेसर आणि थिनरचा रंग चालतो. याचमुळे डेक आणि हल वेगवेगळे रंगवून शेवटी जोडा. डेकची कड हलच्या बाहेर येत असल्याने जोड झाकला जातो.

आता रॅम्प. सगळ्यात जास्त मॉडेलं इथेच चुकतात. ‘१२ अंश’ वाचून लोक पट्टी १२ अंशांत तिरकी चिकटवतात. १३१ मिमी लांबीला सरळ १२ अंश दिले तर टोकाची उंची २८ मिमी होते, म्हणजे खऱ्या जहाजावर जवळजवळ दहा मीटर. खरा रॅम्प वक्र आहे. सुरुवातीला शून्य अंश, आणि १२ अंश फक्त टोकाला. विमानाची चाकं अचानक चढावर आदळू नयेत म्हणून तो हळूहळू उचलला जातो. त्यामुळे उंची साधारण निम्मी भरते : १३.८ मिमी, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४.८ मीटर.

हा वक्र ६२८ मिमी त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा धरला की या प्रमाणात पुरेसा अचूक येतो. वर्तुळ काढायला जागा नसेल तर रॅम्पच्या सुरुवातीपासून दर २६ मिमीवर ही उंची द्या : ०, ०.५, २.२, ४.९, ८.८ आणि टोकाला १३.८ मिमी. हे बिंदू लवचिक पट्टीने जोडा. २ मिमी सनबोर्डच्या अशा पाच फासळ्या कापा, एकत्र धरून घासून सारख्या करा, डेकवर उभ्या चिकटवा आणि वरून १ मिमी शीट लावा. शीट आधी एखाद्या मोठ्या डब्यावर रात्रभर गुंडाळून ठेवली की तिला बाक येतो, नाहीतर टोकाकडून सुटते.

रॅम्प नाळेच्या पूर्ण रुंदीचा नाही, डावीकडे सरकलेला आहे. समोरून घेतलेलं छायाचित्र डोळ्यासमोर ठेवूनच कडा कापा. आणि एका जहाजाचा रॅम्प दुसऱ्यावर चढवू नका : जुन्या ‘विक्रांत’वर नंतर बसवलेला ९.७५ अंशांचा होता, ‘विक्रमादित्य’चा १४ अंशांच्या थोडा वर आहे.

आयलँड

आयलँड उजव्या बाजूला. २ मिमी सनबोर्डच्या चौकटी करून वर १ मिमी शीट लावा. भरीव ठोकळा कोरण्यापेक्षा हे सोपं, आणि खिडक्या आधीच कापून घेता येतात. सनबोर्डवर एनसी थिनर थेट लागलं तर पृष्ठभाग मऊ पडून सुरकुततो, म्हणून इथेही आधी पाण्यावरचा प्रायमर, दोन हात.

डोलकाठ्या पितळी तारेच्या. सोल्डर करता आलं तर उत्तम, नाहीतर फेविक्विकचा ठिपका. डोलकाठी आयलँडच्या छतावर नुसती चिकटवू नका. ०.८ मिमीचं भोक पाडून तार आत ५ मिमी उतरवा, नाहीतर पहिल्या धक्क्याला पडते. ९६५ रडारसाठी बारीक पितळी जाळी वापरा. या रडारची जाळी आपल्या वर्षाच्या छायाचित्रात दिसते का ते पाहा, कारण उत्तरकाळातल्या ‘विराट’वर वेगळी रडार आहेत.

लांब अँटेनासाठी टूथब्रशचे केस चांगले. दोऱ्यांसाठी साध्या लवचिक वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा घ्या. शिवणाचा दोरा वापरू नका. त्याचे तंतू सुटतात आणि वर्षभरात धूळ धरून दोरा सुतळीएवढा दिसू लागतो. रेलिंगची उंची फक्त ३ मिमी. ते हाताने करण्यापेक्षा एचिंग केलेलं (रसायनाने कोरलेलं) तयार पितळी रेलिंग ऑनलाइन मागवलेलं परवडतं. आयुष्याचे दोन आठवडे वाचतात.

विमानं, क्रमांक, झेंडा

‘विराट’वर सी हॅरियर, सी किंग आणि चेतक उभे करा. सी हॅरियर आयएनएएस ३०० या ‘व्हाइट टायगर’ स्क्वॉड्रनची. सी हॉक आणि अलीझे ही विमानं ‘विक्रांत’वरची. त्यांना कॅटापल्ट आणि अडवणाऱ्या तारा लागत, आणि ‘विराट’वर त्या दोन्ही नव्हत्या. म्हणून डेकवर तारा आखू नका. सहा हॅरियर आणि चार हेलिकॉप्टर पुरेशी आहेत. डेक खच्चून भरला की रॅम्प आणि लिफ्ट दिसतच नाहीत.

क्रमांक आर-२२, रोमन लिपीत. अक्षरांची उंची आणि जागा छायाचित्रावरून घ्या. आर-११ ‘विक्रांत’, आर-२२ ‘विराट’, आर-३३ ‘विक्रमादित्य’. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झालेल्या नव्या ‘विक्रांत’लाही आर-११ च आहे, त्यामुळे ‘विक्रांत’ शोधताना दोन पूर्ण वेगळ्या जहाजांची चित्रं मिसळतात. जुनी ‘विक्रांत’ २१३ मीटरची, नवी २६२ मीटरची.

झेंड्याबाबत फार काळजी घ्या, कारण तो बदलला आहे आणि बघणारा माणूस आधी झेंड्याकडेच बघतो. १९५० ते २००१ : पांढऱ्यावर लाल क्रॉस, कोपऱ्यात तिरंगा. २००१ ते २००४ : क्रॉस नाही, नौदलाचं निळं चिन्ह. २००४ पासून : क्रॉस परत, मध्यभागी अशोकस्तंभ. २०१४ मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’. आणि २ सप्टेंबर २०२२ पासून शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन. तो अष्टकोनी झेंडा आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा आहे, आणि म्हणूनच मुलांना तो ‘विराट’वर लावावासा वाटतो. पण ‘विराट’ ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये अलंगला भंगारात गेली. तिच्यावर तो कधी फडकला नाही. महाराजांशी तिचं नातं दाखवायचंच असेल तर तिचं खरं ब्रीदवाक्य पट्टीवर लिहा : जलमेव यस्य, बलमेव तस्य.

रंग

हलला फिकट राखाडी, डेकला गडद राखाडी. फॉकलंडच्या वेळची ‘हर्मीस’ गडद होती, तिचा रंग ‘विराट’ला लावू नका. दुकानात मिळणारा राखाडी रंग जसाच्या तसा लावला तर मॉडेल खेळण्यासारखं गडद दिसतं. खरं जहाज आपण दुरून बघतो आणि मधली हवा रंग फिका करते, म्हणून रंगात १० ते १५ टक्के पांढरा मिसळा. आधी पुठ्ठ्यावर लावा, सुकू द्या आणि उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली राखाडी रंग निळसर दिसतो.

डेकवरच्या रेषा हाताने ओढू नका. मास्किंग टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने ०.५ मिमीच्या पट्ट्या कापा. १:३५० ला १ मिमी म्हणजे ३५ सेंटिमीटर, तेव्हा जाड रेषा लगेच खोटी वाटते.

जुलै-ऑगस्टमध्ये हलवर थिनरचा रंग मारू नका. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट साय धरते. फेब्रुवारी ते मे हा नाशिकमध्ये रंगाचा हंगाम. मे महिन्याच्या दुपारीही टाळा, रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो. सकाळी नऊच्या आत मारा. शेवटी मॅट क्लिअरचे दोन पातळ हात.

हीच पद्धत दुसऱ्या जहाजांना

तीन रकान्यांचा कागद कुठल्याही हस्तांतरित जहाजाला लागू पडतो. न्यूझीलंडच्या आरमारातल्या ‘अकिलिस’ला १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत सहा इंची तोफांचे चार बुरुज होते. महायुद्धातच मागचा एक बुरुज निघाला. १९४८ मध्ये ती ‘दिल्ली’ म्हणून आपल्याकडे आली तेव्हा तीनच उरले होते. ‘नायजेरिया’ची ‘म्हैसूर’ झाली १९५७ मध्ये, बाराऐवजी नऊ तोफांसह. ‘बाकू’, पुढे ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’, हिच्या पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रांच्या बारा नळ्या होत्या. त्या निघून तिथे रॅम्प आला, आणि १६ नोव्हेंबर २०१३ ला सेव्हेरोद्विन्स्क इथे ती ‘विक्रमादित्य’ झाली. या तिसऱ्या जहाजात ‘काढून टाकलं’ हा रकाना सगळ्यात मोठा भरतो, नवख्याने तिला हात लावू नये.

पहिलंच मॉडेल असेल तर ‘कृपाण’ घ्या. ९१ मीटरची ही कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, १:३५० ला फक्त २६० मिमी होते. २२ जुलै २०२३ ला भारताने ती व्हिएतनामला भेट दिली. देणारे आपणही असतो हे यातून मुलांना कळतं, आणि भारतीय सेवेतलं वर्ष धरलं तर छायाचित्रंही आपल्याच भाषेतल्या बातम्यांसोबत सापडतात.

पेटी आणि वाहतूक

उघडं मॉडेल नाशिकच्या धुळीत सहा महिनेही नीट राहत नाही. ४ मिमी काच किंवा ३ मिमी ॲक्रिलिकची पेटी करा, आतली मापं ७५० बाय २४० मिमी, उंची मुख्य डोलकाठीपेक्षा ४० मिमी जास्त. तळाला १८ मिमी प्लाय. हलच्या आडव्या पट्ट्यांत आधीच दोन नट बसवून ठेवा आणि प्लायच्या खालून ५ मिमी बोल्टने आवळा. नुसतं चिकटवलेलं मॉडेल कसारा घाटाच्या वळणांवर सुटतं आणि सगळं रेलिंग काचेवर आदळतं.

पितळी पट्टीवर दोन्ही नावं कोरा : ‘हर्मीस १९५९–१९८४, विराट १९८७–२०१७’, आणि खाली मॉडेल ज्या वर्षाचं आहे ते वर्ष. सिंधुदुर्गात निवतीजवळ या जहाजाचं संग्रहालय करायला २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती, खर्च ८५२ कोटी. ते झालं नाही. आता मोजपट्टी लावायला जहाजच शिल्लक नाही, त्यामुळे तुमचा तीन रकान्यांचा कागद फेकू नका. त्याची एक प्रत घडी करून प्लायच्या खाली पाकिटात चिकटवून ठेवा, म्हणजे पुढे कोणी एखादी डोलकाठी दुरुस्त करायला बसेल तेव्हा ती कुठल्या छायाचित्रावरून घेतली हे त्याला शोधावं लागणार नाही.